तबकडी, रेषा आणि रसिकतेचा भ्रम

साहित्य, संगीत आणि कला यांच्यापासून दूर राहिलेल्या माणसाची गणना भर्तृहरीने पशूंत केली आहे. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा या विधानावर नको इतका विश्वास असतो. ते आम्ही निरोपसमारंभात ऐकवतो, वाङ्मयमंडळाच्या उद्घाटनात ऐकवतो आणि नकळत त्याचा व्यत्यासही खरा मानून चालतो. ज्याला उत्तम संगीत कळते तो माणूस म्हणूनही थोडा अधिक उन्नत असणार, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाविषयी मला जी शंका आहे, ती एका अमेरिकन चित्रकथाकाराच्या निमित्ताने येथे मांडावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात कलावंत आणि कलाकृती यांच्या संबंधाची चर्चा चालू असताना मी रॉबर्ट क्रम्ब याची दोन चित्रे दाखवली होती. एक होते १९२० च्या दशकातील एका कृष्णवर्णीय वादकाचे व्यक्तिचित्र. अंगात सूट, मांडीवर गिटार आणि चेहऱ्यावर छायाचित्रासाठी स्थिर बसलेल्या माणसाचा संकोच. दुसरे होते एका कृष्णवर्णीय स्त्रीचे. जाड ओठ, गवताचा घागरा, पुरुषी वासनेसाठीच घडवलेला देह. वर्ग काही क्षण गप्प राहिला. मग मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्याला त्या लोकांचं संगीत इतकं कळलं, त्याच्याच हातून हे कसं आलं?" मी तयार असलेले उत्तर दिले, की कलावंत आणि माणूस यांत फरक करावा लागतो. तास संपला आणि घरी जाताना लक्षात आले की आपले उत्तर सपशेल चुकले आहे. ही दोन्ही चित्रे कलावंतानेच काढली होती. माणूस वाईट आणि कला चांगली, अशी सोयीस्कर वाटणी येथे करताच येत नव्हती. दोन्हीकडे तोच हात, तीच लेखणी आणि एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांचे तेच जाळे होते.

क्रम्बचा जन्म १९४३ मध्ये फिलाडेल्फियात झाला. थोरल्या भावाच्या धाकाने तो लहानपणीच कॉमिक्स काढू लागला. १९६२ मध्ये क्लीव्हलंड शहरातील शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो नोकरीला लागला. लोकांच्या सणांना आणि वाढदिवसांना लागणारा छापील आनंद तेथे तो रेखाटत असे. १९६७ च्या प्रारंभी तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि १९६८ मध्ये त्याने 'झॅप कॉमिक्स' काढले. अमेरिकेतील अंडरग्राउंड कॉमिक्सच्या इतिहासात या अंकापासून नवे पर्व सुरू होते असे मानतात. त्याच वर्षी जॅनिस जॉप्लिन ज्या वाद्यवृंदात गात असे, त्याच्या 'चीप थ्रिल्स' या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ त्याने केले आणि हिप्पी पिढीने त्याला आपला चित्रकार ठरवले. त्या पिढीच्या रॉक संगीताविषयी मात्र त्याला यत्किंचितही प्रेम नव्हते. त्याचे प्रेम होते आपल्या जन्माच्याही आधीच्या संगीतावर, म्हणजे १९२० च्या आणि १९३० च्या दशकांतील जॅझ, ब्लूज आणि ग्रामीण नृत्यसंगीतावर. 'कीप ऑन ट्रकिन' हे त्याचे सर्वाधिक गाजलेले चित्र घ्या. भलेमोठे पाय पुढे टाकत चाललेली ती माणसे पुढे असंख्य वस्तूंवर छापली गेली. परंतु त्या शब्दांचा उगम ब्लाइंड बॉय फुलर या अंध गायकाच्या १९३६ च्या तबकडीत आहे. हिप्पींनी ज्याला आपले बोधवाक्य मानले, ते एका जुन्या ब्लूजचे पडसाद होते.

क्रम्ब किशोरवयापासून ७८ फेऱ्यांच्या तबकड्या गोळा करू लागला आणि त्याचा संग्रह पुढे हजारोंच्या घरात गेला. पैशांऐवजी तबकड्या घेऊन तो चित्रे देत असे, हे त्याच्या चाहत्यांत प्रसिद्ध आहे. स्वतः बँजो आणि मँडोलिन वाजवत त्याने १९७० च्या दशकात 'चीप सूट सेरेनेडर्स' हा वाद्यवृंदही उभा केला. त्यातील त्याचा सहवादक टेरी झ्वायगॉफ याने १९९४ मध्ये 'क्रम्ब' हा अनुचित्रपट काढला.

या तबकड्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण संग्राहकाचे प्रेम केवळ स्वरावर नसते, वस्तूवरही असते. तबकडी बनायची लाखेच्या मिश्रणाची, आणि ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे संगीत मावायचे. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. काही ध्वनिमुद्रणे मुळातच इतकी थोडी छापली गेली होती, की आज त्यांच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच प्रती उरल्या आहेत. मिसिसिपीचा चार्ली पॅटन याने १९२९ मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. ही कंपनी होती विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीची. फोनोग्राफची लाकडी कपाटे खपावीत म्हणून तिने तबकड्या काढायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकातील एक थोर गायक आपल्यापर्यंत पोहोचला तो असा, फर्निचरच्या धंद्याचा जोडधंदा म्हणून.

झ्वायगॉफच्या अनुचित्रपटात एक प्रसंग आहे. क्रम्ब एक तबकडी काढतो आणि लावतो. जुने संगीत ऐकताना आपल्याला मानवजातीविषयी खरोखर प्रेम वाटते आणि असे क्षण फार थोडे असतात, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणतो. या माणसाच्या चित्रांत जगाविषयीची घृणा किती ओतप्रोत आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याला या उद्गाराचे मोल कळेल. जिवंत माणसांच्या सहवासात तो अवघडतो, त्यांच्यावर चिडतो, त्यांना कुरूप काढतो. तीच माणसे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या तबकडीतून, खरखरीच्या पलीकडून येतात तेव्हा त्यांच्यावर तो प्रेम करू शकतो.

याला केवळ स्मरणरंजन म्हणता येणार नाही. स्वतः न जगलेल्या काळाची आठवण कशी काढणार? शिवाय या प्रेमातून खरे काम झाले आहे. १९८० मध्ये त्याने ब्लूज गायकवादकांच्या ३६ पत्त्यांचा संच काढला. १९८२ मध्ये आरंभीच्या जॅझवादकांच्या ३६ पत्त्यांचा आणि १९८५ मध्ये कंट्री संगीतातील अग्रणींच्या ४० पत्त्यांचा संच आला. आपल्याकडे क्रिकेटपटूंची छोटी कार्डे मुले जमवत, त्याच जातीचे हे पत्ते होते. एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस जाणकारांनी लिहिलेला अल्पपरिचय. २००६ मध्ये हे तिन्ही संच पुस्तकरूपाने एकत्र आले. यांतील अनेकांचे एखाददुसरेच छायाचित्र उपलब्ध होते, काहींचे तर अगदी धूसर. क्रम्बने ते डोळ्यांसमोर ठेवून टायची गाठ, टोपीची कड, कपाळावरची आठी असे सारे रेखाटले. येथे अतिशयोक्ती नाही, विनोदही नाही. १९८५ मध्येच त्याने चार्ली पॅटनचे चरित्र चित्रकथेतून सांगितले आणि जेली रोल मॉर्टन या जॅझच्या पियानोवादकाची, आपल्यावर कोणीतरी करणी केली आहे या समजुतीने पछाडलेल्या उत्तरायुष्याची कथाही रंगवली. तीन मिनिटांच्या तबकडीमागे एक अख्खा माणूस असतो, त्याला गाव असते, बायकामुले असतात, भीती असते आणि मरण असते, ही जाणीव या कथांच्या प्रत्येक चौकटीत आहे.

आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या तबकड्यांत गायिका अखेरीस आपले नाव उच्चारीत असे. परदेशी छापखान्यातील कामगाराला तबकडीवर कोणाचे नाव घालायचे ते कळावे, हा त्यातील व्यावहारिक हेतू. पण आज ऐकताना त्या उच्चाराने अंगावर काटा येतो, कारण गाणारी बाई जणू काळालाच सांगत असते की हा आवाज कोणाचा आहे ते विसरू नका. क्रम्बचे पत्ते मला या उच्चारासारखे वाटतात. आवाजाला नाव आणि नावाला चेहरा मिळवून देण्याचे काम ते करतात.

मग ते दुसरे चित्र कुठून आले?

क्रम्बची रेषाही जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वृत्तपत्रीय व्यंगचित्रमालिकांतून, स्वस्त जाहिरातींतून आणि जुन्या सचित्र मासिकांतून त्याने गुबगुबीत नाके, फुगीर बूट आणि घामाचे उडते थेंब घेतले. जो काळ त्याला कानांनी प्रिय होता, त्याच काळाचे दृश्यभांडार त्याने डोळ्यांनी उचलले, आणि ते भांडार स्वच्छ नव्हते. गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याची परंपरा अमेरिकन रंगभूमीवर दीर्घकाळ चालली. तिथले जाड ओठ आणि वटारलेले डोळे कॉमिक्समध्ये सर्रास आले. रॅगटाइमच्या काळात ज्या छापील स्वरलिपी घरोघरी जात, त्यांतील कित्येकांच्या मुखपृष्ठांवरही हीच विटंबना होती. संगीत आणि त्याच्या कर्त्यांचा अपमान एकाच वेष्टनातून विकला जात होता.

याहून बोलके उदाहरण इंडियाना राज्यातील रिचमंड गावचे आहे. तेथील पियानोच्या एका कारखान्याची 'जेनेट' ही तबकडी कंपनी. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने, त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँगही होता, १९२३ मध्ये तेथे जी ध्वनिमुद्रणे केली ती जॅझच्या इतिहासात पायाभूत मानली जातात. त्याच दशकात त्याच कंपनीने पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या गाण्यांच्या तबकड्याही छापून दिल्या. यंत्रे तीच, लाखही तीच. यंत्राला काय छापले जात आहे ते कळत नाही, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. चित्रकाराचा हात मात्र यंत्र नव्हे.

क्रम्बच्या समर्थकांचे म्हणणे मी डावलू इच्छित नाही. ते म्हणतात की अमेरिकेच्या मनाच्या तळाशी साचलेला गाळ त्याने उपसून दाखवला, स्वतःलाही त्यातून वगळले नाही, आणि आरशावर रागावण्यात अर्थ नाही. कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज यांनी त्याची तुलना ब्रॉयगलशी केली होती. या युक्तिवादात तथ्य आहे. पण उपरोधाला उपरोध म्हणून उभे राहण्यासाठी चित्रात काही आधार असावा लागतो. १९९३ मध्ये कृष्णवर्णीयांविषयीच्या गोऱ्यांच्या भयगंडावर उपरोध म्हणून त्याने काढलेली एक चित्रकथा वंशद्वेष्ट्यांच्या एका नियतकालिकाने जशीच्या तशी, कौतुकाने पुनर्मुद्रित केली. दुरुपयोग कोणत्याही कलाकृतीचा होऊ शकतो, हे मान्य. तरीही एक रेषाही न बदलता ती शत्रूच्या उपयोगी पडत असेल, तर तिच्या रचनेतच काही उणे राहिले, असे म्हणायला समीक्षकाने कचरू नये. स्त्रियांच्या चित्रणाविषयीही याच अंगाने बोलता येईल. त्या अनुचित्रपटात डिअर्ड्रे इंग्लिश यांनी ते स्पष्टपणे मांडले आहे.

माझ्या मते खरा भेद चांगल्या आणि वाईट क्रम्बमध्ये नाही, तो ऐकण्याच्या आणि न ऐकण्याच्या क्षणांत आहे. तबकडी हाती आली की तो विचारतो, हे कोण? कोणत्या गावचे? यांचे पुढे काय झाले? जुनी चित्रशैली हाती आली तेव्हा त्याने हा प्रश्न विचारला नाही. ती त्याने खोक्यातील रंगांसारखी वापरली. पत्त्यावरील वादकाला नाव आहे. गवताच्या घागऱ्यातील त्या स्त्रीला जे नाव आहे, तीही एक थट्टाच आहे, कारण ती कोणाचीच प्रतिमा नाही. तिच्यामागे छायाचित्र नाही, आवाज नाही, गाव नाही. प्रेम असलेल्या माणसाच्या हातूनही ते प्रेम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही.

येथे मला त्याच देशातील दुसऱ्या एका चित्रकथाकाराची आठवण येते. 'पीनट्स'चा जनक चार्ल्स शुल्झ याच्या मालिकेतील श्रोडर हा मुलगा खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हन वाजवतो. शुल्झची स्वतःची ओढही पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे होती, जॅझ हे काही त्याच्या जिव्हाळ्याचे संगीत नव्हते. तरीही ९ डिसेंबर १९६५ रोजी त्याच्या पात्रांवरचा 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकला तेव्हा त्यात नाताळच्या गाण्यांबरोबर व्हिन्स ग्वाराल्डी याचा जॅझ पियानो होता. निर्माता ली मेंडेलसन याने ग्वाराल्डीची एक धून टॅक्सीतून जाताना ऐकली होती आणि त्यातून ही निवड झाली. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना लहान मुलांच्या नाताळात जॅझ रुचले नव्हते. प्रत्यक्षात ते संगीत नाताळचे अविभाज्य अंग झाले आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश झाला. जॅझचा एकही संग्राहक घरात नसलेल्या लक्षावधी कुटुंबांत जॅझ शिरले ते शुल्झच्या दारातून. क्रम्ब ज्याच्यासाठी जन्मभर झुरला ते, म्हणजे लोकांच्या घरात, सणाला, सर्वांनी मिळून ऐकायचे संगीत, शुल्झला जवळजवळ योगायोगाने लाभले.

या योगायोगापुढे क्रम्बची एक चित्रकथा ठेवावी. आपल्या आजीआजोबांचे सुंदर संगीत गेले कुठे, असा प्रश्न विचारून लग्नांतील, जत्रांतील आणि घरातील संगीताचा धंद्याने घास कसा घेतला, हे त्याने तीत सांगितले आहे. त्याचा संताप खरा आहे. पण ते हरवलेले संगीत त्याला भेटले तेही धंद्याने काढलेल्या तबकडीवरच, आणि ते त्याने ऐकले तेही एकट्याने, दार लावून. सणाचे गाणे दरवर्षी परत येते, ते जपण्यासाठी संग्राहक लागत नाही. तबकडी मात्र कोणीतरी एकट्याने जपली तरच उरते. या दुसऱ्या प्रकारच्या प्रेमाला माणसांची गैरसोय सोसावी लागत नाही. तबकडीतला माणूस उलट बोलत नाही.

१९६८ या वर्षाकडे पुन्हा पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एप्रिल महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. काही दिवसांतच हॅरिएट ग्लिकमन या लॉस एंजेलिसच्या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहून त्याच्या बालविश्वात एखादे कृष्णवर्णीय मूल आणण्याचे सुचवले. आपल्या हातून त्यात उपकाराचा सूर तर उमटणार नाही ना, अशी शंका शुल्झने व्यक्त केली, पुढे पत्रव्यवहार झाला, आणि ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन हा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनला भेटला. दोन मुले भेटावीत तसा तो भेटला, त्यात भाषण नव्हते. त्याच वर्षाच्या आसपास क्रम्बच्या कॉमिक्समध्ये ती गवताच्या घागऱ्यातील स्त्री वावरत होती. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर जीव टाकणाऱ्याने हे काढले आणि ज्याला त्या संगीताची विशेष ओढ नव्हती त्याने फ्रँकलिन काढला. शुल्झला मी संत ठरवत नाही. फ्रँकलिन हे पात्र पुढे फारसे फुलले नाही, आणि १९७३ च्या थँक्सगिव्हिंगच्या कार्यक्रमात सणाच्या जेवणाच्या टेबलाशी एका बाजूस तो एकटाच बसलेला दिसतो, यावर नंतर बरीच टीका झाली. तरीही एका वाचकाचे पत्र आले तेव्हा शुल्झ थांबला, शंका घेतली, विचारले. त्याने जॅझ ऐकले नसेल, पण माणसाचे म्हणणे ऐकले.

आपण या साऱ्याकडे परक्यांची गोष्ट म्हणून पाहू नये. जॅझ आपल्या मुंबईतही नांदले. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हॉटेलांत ते वाजवले आणि हिंदी चित्रपटसंगीतात आणले. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तील (१९५१) ज्या झोकदार सुरावटींवर आपल्या आधीची पिढी डोलली, त्यांत चिक चॉकलेटच्या ट्रंपेटचा वाटा आहे. पण श्रेयनामावलीत अशा वादकांना आणि वाद्यवृंदसंयोजकांना सहसा स्थान नसे. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकाने त्यांतील अनेकांची नावे परत मिळवून दिली. ती गाणी आपण प्रेमानेच ऐकत होतो, आणि त्याच चित्रपटांतील दारू ढोसणाऱ्या, मोडके हिंदी बोलणाऱ्या गोवेकर ख्रिश्चन पात्राला हसतही होतो. दोन्ही एकाच खेळात, एकाच तिकिटात. तेव्हा क्रम्बकडे बोट दाखवताना जपून दाखवावे.

त्या विद्यार्थिनीला आज मी वेगळे उत्तर देईन. रसिकता हा कोणाच्या ठायी कायमचा वसणारा गुण नाही. ती एक कृती आहे, आणि प्रत्येक नव्या वस्तूपुढे, प्रत्येक नव्या माणसापुढे ती पुन्हा करावी लागते. सहृदय ही आपल्या काव्यशास्त्राची सुंदर संज्ञा आपण पदवीसारखी वापरतो, एकदा मिळाली की आयुष्यभर नावापुढे लावायची. क्रम्बचे उदाहरण सांगते की सकाळचा सहृदय संध्याकाळी बधिर असू शकतो, आणि तेही त्याच मेजावर, त्याच दौतीतल्या शाईने.

म्हणून क्रम्ब अभ्यासातून काढून टाकावा असे मला वाटत नाही आणि त्याचे पत्ते तेवढे दाखवून बाकीचे झाकावे असेही वाटत नाही. पुढच्या वर्षी ती दोन चित्रे मी पुन्हा शेजारी शेजारी लावणार आहे. त्याआधी मात्र वर्गात पॅटनचे एक ध्वनिमुद्रण ऐकवीन, सगळी तीन मिनिटे, खरखरीसकट. मग विचारीन की हा आवाज ज्याचा आहे तो माणूस या दोन चित्रांपैकी कोणत्या चित्रासमोर उभा राहू शकला असता.